शीतकपाट रुसलें म्हणजे

चैत्रगौरीचें हळदीकुंकू आमच्या घरीं प्रतिवर्षीं थाटानें होतें. गेल्या चैत्रांतही तें झालें. दोन मोठीं पातेलीं पन्हें, वाटलेली कैरीची डाळ, भिजविलेल्या हरभऱ्यांची परात, कलिंगडाच्या फोडी, आणि याशिवाय अकरा माणसांच्या नित्याच्या संसाराचें दूध, दहीं, लोणी, भाजीपाला, एवढें सर्व सामान आदल्या रात्रीं ज्या एका शीतकपाटांत, म्हणजे घरोघर ज्याला फ्रीज म्हणतात त्यांत, कोंबण्यांत आलें, त्या कपाटानें समारंभ निमूटपणें पार पाडला आणि चौथ्या दिवशीं असहकार पुकारला. सकाळीं दूध तापत ठेविलें तें नासलें. दुपारच्या दह्याला आंबूस वास आला. पाण्याची बाटली हाताला कोमट लागली. वरच्या फ्रीझरमधील बर्फाच्या वड्या मात्र दगडासारख्या घट्ट होत्या; आणि या एका गोष्टीचा अर्थ काय, असा प्रश्न आम्हां कोणासच पडला नाहीं.

त्या आठवड्यांत आमच्या हातून ज्या चुका घडल्या त्या सांगतांना संकोच वाटतो. परंतु त्यांतील एक चूक अशी आहे कीं ती वाचकांपैकीं कोणाच्या घरीं घडूं नये, आणि तिच्यासाठींच या महिन्याचीं हीं पानें आम्हीं राखून ठेविलीं आहेत.

आमच्या थोरल्या काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. आठ वर्षांपासून त्यांना मधुमेहासाठीं दोन वेळां इन्सुलिन टोचावें लागतें. त्या औषधाच्या कुप्या कपाटाच्या दारांतील कप्प्यांत असत. कपाट गार होत नाहीं असें दिसतांच घरांतील एका सुज्ञ गृहस्थानें—आडपडदा कशाला, आम्हींच—त्या तिन्ही कुप्या उचलून वर फ्रीझरमध्यें ठेविल्या. खालीं गारवा नाहीं, वर आहे. औषध गार राहिलें पाहिजे. यापलीकडे आमची बुद्धि चालली नाहीं. वापरांतली कुपी टोचण्यापूर्वीं अर्धा तास बाहेर काढून ठेवीत असूं. तिसऱ्या दिवशीं काकूंची उपाशीपोटींची साखर अडीचशेंच्या वर गेली, चौथ्या दिवशीं तीनशेंला टेकली. नेमकी त्याच सुमारास रत्नागिरीहून आंब्याची पेटी आलेली. मग काय विचारतां! प्रत्येकजण काकूंकडे संशयानें पाहूं लागला. "काकू, एखादी फोड घेतलीत ना? खरें सांगा," असें आम्हींही विचारलें. काकू म्हणाल्या, "अरे, पेटीची दोरी तरी कोणीं सोडली आहे का बघ." दोरी खरोखरच सोडलेली नव्हती. तरीही त्यांच्या शब्दावर कोणाचा विश्वास बसला नाहीं. आणि त्या रात्रीं त्यांनीं आपला दुधाचा पेला न घेतांच परत पाठविला.

पांचव्या दिवशीं डॉक्टरांनीं एकच प्रश्न विचारला: इन्सुलिन कोठें ठेवतां? आम्हीं मोठ्या फुशारकीनें उत्तर दिलें, आणि त्यांचा चेहरा पाहून काय तें समजलों. इन्सुलिन गोठलें कीं त्याचा गुण भरंवशाचा राहत नाहीं. पुन्हां वितळविलें तरी तो परत येत नाहीं. आणि पुष्कळदां कुपीकडे नुसतें पाहून तें ओळखूंही येत नाहीं. तिन्ही कुप्या टाकून द्याव्या लागल्या. काकूंचा दोष इतकाच कीं त्या आमच्या घरांत वडील होत्या आणि घरांत आंबे होते.

इकडे कपाटाचें प्रकरण निराळ्या वळणानें चाललें होतें. दुरुस्तीसाठीं बोलाविलेल्या कारागिरानें दार उघडून खालच्या कप्प्यांत हात फिरविला, दार लावलें आणि सांगितलें, "गॅस गेला. भरावा लागेल. साडेतीन हजार." आम्ही पैसे देण्याच्या तयारींत होतों. इतक्यांत आमची धाकटी सूनबाई स्वयंपाकघरांतून म्हणाली, "पण गॅस गेला असेल, तर वर बर्फ कसा?" या प्रश्नाला कारागिरापाशीं उत्तर नव्हतें, आणि आमच्यापाशीं तर मुळींच नव्हतें. त्याला लबाड ठरविण्याचें आमच्या मनांत नाहीं. "फ्रीज गार होत नाहीं" एवढेंच आम्हीं त्याला सांगितलें होतें, आणि अर्ध्या हकीकतीवर त्यानें अर्धें उत्तर दिलें. परंतु सूनबाईचा तो प्रश्न कळावयास हवा असेल तर या यंत्राच्या पोटांत काय चालतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

शीतकपाट थंडी निर्माण करीत नाहीं. थंडी नांवाचा कांहीं पदार्थच नाहीं. आहे ती उष्णता, आणि ती एका जागेहून उचलून दुसऱ्या जागीं नेतां येते. उन्हाळ्यांत आपला माठ काय करतो? त्याच्या अंगांतून झिरपलेलें पाणी वाऱ्यानें उडून जातें, आणि उडण्यास लागणारी उष्णता आंतल्या पाण्यापासून घेऊन जातें. पुण्याच्या कोरड्या वैशाखांत माठाचें पाणी गार होतें. तोच माठ कोंकणांत श्रावणांत मांडला तर फारसें होत नाहीं, कारण दमट हवा आणखी वाफ घेण्यास राजी नसते. शीतकपाटांतील व्यवहार मूळांत हाच. फरक इतकाच कीं उडालेलें द्रव्य वाऱ्यावर सोडून देण्याइतकें तें उधळें नाहीं. तेथें सहज उकळणारें एक द्रव्य बंद नळ्यांतून फिरत असतें. फ्रीझरजवळच्या नळ्यांत त्याची वाफ होते आणि ती होतांना आंतली उष्णता शोषली जाते. मग काँप्रेसर त्या वाफेला दाबतो, त्यामुळें ती तापते. आणि अशी तापलेली वाफ कपाटामागच्या जाळींतून किंवा बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांतून जातांना ती सर्व उष्णता स्वयंपाकघरांत टाकून पुन्हां द्रवरूप होते. म्हणून ज्या कपाटाच्या बाजू बाहेरून गरम लागतात तें आपलें काम करीत असतें. बाजू तापल्या म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. उलट काँप्रेसर तासन्‌तास घुमत असून बाजू किंवा मागची जाळी मुळींच गरम होत नाहीं, तेव्हां काळजी करावी. आणि फ्रीजचें दार उघडें टाकून त्यासमोर पत्ते खेळणाऱ्या मुलांना हेंही सांगून ठेवावें कीं आंतून काढलेली उष्णता, शिवाय यंत्र चालविण्याची उष्णता, हीं दोन्ही त्याच खोलींत पडत असल्यामुळें खोली गार न होतां अधिकच तापते.

आतां गॅसविषयीं. मोटारींतील पेट्रोलासारखा हा गॅस वापरानें खर्च होत नाहीं. नळ्या सांधून बंद केलेल्या असतात. धड असलेल्या कपाटांत पहिल्या दिवशींचा गॅस विसाव्या वर्षींही तेवढाच असतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठें तरी छिद्र पडलें आहे; आणि छिद्र न शोधतां, तें न बुजवितां नुसता गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. गळती शोधावी, ती बुजवावी, नळ्यांतील हवा आणि ओल पंपानें पूर्ण काढून घ्यावी आणि मगच मोजून गॅस भरावा, हा त्याचा क्रम आहे. कारागीर "गॅस गेला" म्हणाला तर "गळती कोठें आहे?" एवढें विचारण्याचा अधिकार प्रत्येक गृहिणीस आहे. गॅस बराच कमी झाला तर पहिला परिणाम फ्रीझरमध्येंच दिसतो. आईस्क्रीम मऊ पडतें, वड्या धरत नाहींत. वर वड्या टणक आणि खालीं पाणी कोमट, हें गॅस गेल्याचें लक्षण नव्हे.

हा गॅस कोणता, याचाही एक इतिहास आहे. प्रारंभींच्या घरगुती यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड अशीं विषारी द्रव्यें असत. बर्लिनमध्यें अशा एका कपाटाच्या गळतीनें एक कुटुंब मृत्युमुखीं पडल्याचें वृत्त वाचून आईन्स्टाईन यांनीं लिओ झिलार्ड या तरुण शास्त्रज्ञाच्या साहाय्यानें, ज्यांत हलणारा एकही भाग नाहीं, अशीं शीतकपाटें योजिलीं, आणि १९३० सालीं त्यांपैकीं एकाचें अमेरिकन पेटंटही त्यांना मिळालें. सापेक्षतावादाच्या जनकास स्वयंपाकघरांतील कपाटाची चिंता पडावी, हें आमच्या सौभाग्यवतींना फार आवडलें. त्यानंतर फ्रेऑन आला. तो माणसाला निरुपद्रवी, परंतु आकाशांतील ओझोनच्या थराला घातक, असें १९७४ पासून दिसूं लागलें, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानें त्याच्या वर्गांतील द्रव्यांना आळा बसला. हल्लींच्या बहुतेक नव्या घरगुती कपाटांत आयसोब्युटेन असतो. उणे १२ अंश सेल्सिअसच्या सुमारास तो उकळतो. तो आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा नातलग, म्हणून ज्वालाग्राही. सामान्यतः कपाटांत तो शंभर ग्रॅमच्याही आंत असतो. तेवढ्याचें भय बाळगूं नये, पण नळीला भोंक पडेल असें कांहीं करूंही नये. साठलेला बर्फ सुरीनें किंवा उलथन्यानें खरवडण्याची जी संवय आहे ती यासाठीं सोडलीच पाहिजे. एक ओरखडा, आणि मग खरोखरच गॅस जातो.

असो. कपाट बिघडलें कीं नाहीं हें हातानें ठरवूं नये. पेलाभर पाणी मधल्या फळीवर रात्रभर ठेवावें आणि सकाळीं त्यांत थर्मामीटर बुडवून पाहावें. तापाचा थर्मामीटर येथें उपयोगी नाहीं. फ्रीजसाठींचा स्वस्तांत मिळतो. पारा ४ अंशांवर किंवा त्याखालीं असला म्हणजे ठीक. ५ च्या वर राहिला तर तपासास लागावें. फ्रीझरमध्यें उणे १८ असावें. आंतला दिवाच लागत नसेल तर आधीं प्लग आणि बटण पाहावें; हें सांगण्याचें कारण, बटण बंद असतां कारागिरास बोलावून भेटीचे पैसे मोजणारीं घरें आमच्या ओळखींत आहेत. दिवा लागतो, पण दर कांहीं मिनिटांनीं मागून "टक्" असा आवाज येऊन काँप्रेसर चालूं होण्याआधींच थांबतो, असें असेल तर विजेचा दाब कमी असण्याचा किंवा काँप्रेसर सुरू करणाऱ्या रिलेचा दोष संभवतो. कपाट बंद करून जाणत्यास बोलवावें. काँप्रेसर अखंड चालतो, वर आणि खालीं दोन्हीकडे गारवा कमी, तर प्रथम मागची जाळी पाहावी. आमच्याकडच्या जाळीवर फोडणीच्या वाफेनें चिकटलेली धूळ कांबळ्यासारखी बसली होती. उष्णता बाहेर पडण्याची वाटच बुजली, तर बिचाऱ्या काँप्रेसरनें ती टाकावी कोठें? प्लग काढून मऊ कुंच्यानें जाळी झाडावी, कपाट भिंतीपासून निदान चार बोटें पुढें ओढावें, आणि तें शेगडीशेजारीं किंवा पश्चिमेच्या उन्हांत असेल तर हलवावें. दाराच्या रबरी पट्टींत कागदी नोट धरून दार लावावें व नोट ओढून पाहावी. सहज निसटून आली तर तेथून बाहेरची हवा आंत शिरते. साबणाच्या कोमट पाण्यानें पट्टी पुसली तर पुष्कळदां ती पुन्हां बसते. कडक झाली असेल तर बदलावी.

आमचें प्रकरण मात्र याहून निराळें, आणि तें समजून घेण्यासारखें आहे. ज्यांत बर्फाचा थर दिसत नाहीं अशा, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या, दोन दारांच्या बऱ्याच कपाटांत गार होणाऱ्या नळ्या फक्त वरच्या फ्रीझरच्या मागील पडद्याआड असतात. खालच्या भागाला स्वतःची थंडी अशी नसते. एक लहान पंखा वरची गार हवा झरोक्यांतून खालीं ढकलतो, तिच्यावर खालच्या सर्वांचें पोट. नळ्यांवर धरणारें हींव दिवसांतून एकदोनदां आपोआप वितळविण्याची सोयही असते. पंखा थांबला, झरोका बुजला किंवा हींव वितळेनासें झालें, कीं वर बर्फ आणि खालीं कोमट, अशी दुफळी होते. आमच्याकडे झालें असें: हळदीकुंकवाच्या आदल्या रात्रीं पन्ह्याच्या पातेल्याचा कान पुढें आला आणि दार बोटभर उघडें राहिलें. वरच्या कप्प्यांत खोवलेल्या नारळाच्या आणि मटारच्या पिशव्या झरोक्याला टेकून रचलेल्या. रात्रभर स्वयंपाकघरांतील वाफाळ हवा आंत येत राहिली, तिची ओल नळ्यांवर गोठत राहिली, आणि तीन दिवसांत पडद्यामागें बर्फाची भिंत उभी राहिली. पंख्याचा आवाज येईनासा झाला होता. परंतु यंत्राचा आवाज वाढला म्हणजे आपण दचकतों, तो बंद पडला तर बरें वाटतें.

उपाय अगदीं साधा निघाला. प्लग काढला, सर्व सामान शेजारच्या घरीं नेलें, दोन्ही दारें उघडीं ठेविलीं, खालीं जुनीं धोतरें पसरलीं आणि पूर्ण एक दिवस व एक रात्र कपाटाला कोणी हात लाविला नाहीं. दोन तांबे पाणी निघालें. मग खालची वहाती नळी मोकळी आहे हें पाहून कपाट सुरू केलें; दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेल्यांतील पाणी ४ अंशांवर होतें. पट्टी तेवढी बदलली. अशा उपायानंतर कपाट आठपंधरा दिवस चांगलें चालून पुन्हां तसेंच झालें, तर हींव वितळविणारा हीटर किंवा त्याचा नियंत्रक बिघडला आहे असें समजावें, आणि कारागिरास तसेंच सांगावें. वर काय आहे, खालीं काय आहे, पंखा ऐकूं येतो कीं नाहीं, बाजू गरम आहेत कीं नाहींत, एवढ्या चार गोष्टी ज्याला सांगितल्या तो कारागीर निराळ्या रीतीनें काम करतो, असा आमचा नंतरचा अनुभव आहे.

बिघडलेल्या कपाटांतील अन्नाविषयीं आमच्या घरीं मतभेद झाला, तो वाचकांच्याही घरीं होईल. "वास येत नाहीं ना? मग चांगलें आहे," हा जुना नियम येथें अपुरा आहे, माणसाला आजारी पाडणारे जंतु वासाची सूचना देतातच असें नाहीं. वीज गेली तर दार न उघडल्यास खालचा भाग सुमारें चार तास तग धरतो. भरलेला फ्रीझर दोन दिवसही धरतो. परंतु ५ अंशांवर दोन तासांहून अधिक राहिलेलें दूध, पनीर, शिजलेली उसळ यांचा मोह धरूं नये. आंबलेलें दहीं-ताक, लोणचीं यांची गोष्ट निराळी, त्यांना आम्लाचें संरक्षण असतें. सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे शिळा भात. तांदळांतील एका जंतूचीं बीजें शिजविण्यानेंही मरत नाहींत, आणि भात उबेंत राहिला तर त्यांपासून असें विष तयार होतें कीं तें सकाळच्या फोडणीनें नाहींसें होत नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं त्या आठवड्यांत फोडणीचा भात बंद केला, तेव्हां मुलांनीं घरांत निषेधसभा भरविली. तरीही तो बंदच राहिला. तसेंच उकळतें पातेलें कपाटांत ढकलूं नये, आणि निवण्यासाठीं रात्रभर ओट्यावरही ठेवूं नये. परातींत थंड पाणी घेऊन त्यांत तें ठेवावें, ढवळावें, आणि दोन तासांच्या आंत आंत जाऊं द्यावें.

आतां ज्यांच्या घरीं कोणी इन्सुलिन घेतें त्यांच्यासाठीं. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवावयाच्या. फ्रीझरमध्यें केव्हांही नाहीं, आणि खालच्या भागांतही मागच्या झरोक्याला चिकटून नाहीं, कारण तेथेंही तें गोठूं शकतें. कपाट बिघडलें तर घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. वापरांतली कुपी साधारणतः चार आठवडे कपाटाबाहेर, २५ ते ३० अंशांच्या आंत, चालते. नेमकी मुदत तिच्या वेष्टणांतील कागदावर छापलेली असते, ती वाचावी आणि संशय असल्यास डॉक्टरांस विचारावें. आमच्याकडे वैशाखांत घरांत त्याहून अधिक उष्मा होतो. म्हणून काकूंसाठीं आम्हीं एका मोठ्या मडक्यांत ओली वाळू घालून तींत लहान मडकें बसविलें, आणि कोरड्या डबींत घातलेली कुपी त्यांत ठेवून वर ओलें फडकें टाकलें. ज्या माठाची आठवण वर दिली त्याचाच हा भाऊबंद. कपाट बंद होतें ते सर्व दिवस त्यानें काम केलें. आंतल्या थर्मामीटरवर काकू स्वतः लक्ष ठेवीत होत्या. आमच्यावर सोंपविण्यास त्या तयार नव्हत्या, आणि त्यांत कांहीं गैर होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

नव्या कुपीनें चार दिवसांत साखर पूर्वपदावर आली. त्या संध्याकाळीं आम्ही त्यांच्या खोलींत गेलों, समोर बसलों आणि झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. काकू माळ ओढीत होत्या. मणी पुढें सरकवून त्या म्हणाल्या, "तें राहूं दे. आधीं ती पेटी उघड. खालचे आंबे एव्हांना डागाळले असतील."